स्टेपनी कुठाय? रोहा, पेण, पनवेल आणि रन-फ्लॅट टायरचे ८० किलोमीटर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं ठेवलंय.

आजचा विषय टायर. थांबा, लगेच स्किप करू नका. गोष्ट माझ्या आजोळपासून, म्हणजे रोह्यापासून सुरू होते.

जुलै महिना, रात्रीचा एक वाजलेला, बाहेर आपला तो कोकणातला पाऊस. आजीच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "इथे वेळ घालवू नका, पनवेलला हलवा." रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. नशिबाने माझा ऑफिसातला एक मित्र वीकेंडला आमच्याकडे आला होता आणि अंगणात त्याची गाडी उभी होती. भारी गाडी. पाच-सहा सेकंदांत शंभरचा वेग पकडणारी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका कंपनीचा नाहीच.

आजीला मागे आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपवलं, बाबा पुढे बसले आणि आम्ही निघालो. भिसे खिंड उतरलो, नागोठणं आलं, हायवेला लागलो. थोडं पुढे गेलो असू, तेवढ्यात खालून खाडकन आवाज आला. गाडी मात्र सरळच चालली होती. फक्त डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला, घोड्याच्या नालेसारखा, मध्ये उद्गारचिन्ह. मित्राने गाडी कडेला घेतली. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर मागच्या टायरमध्ये लोखंडी सळईचा तुकडा घुसलेला.

माझ्या बाबांनी पेण परिसरात पंचवीस वर्षं मिनिडोर चालवली आहे. पंक्चर ही त्यांच्यासाठी दहा-पंधरा मिनिटांची गोष्ट. ते भर पावसात उतरले, डिकी उघडली, खालचा गालिचा उचलला आणि ओरडले, "अरे, स्टेपनी कुठाय?"

मित्र म्हणाला, "काका, यात स्टेपनी नसते."

बाबांचा तो चेहरा मी विसरणार नाही. मागे सासूबाई कण्हतायत, पनवेल अजून पन्नास-पंचावन्न किलोमीटर लांब आणि एवढ्या महागड्या गाडीत स्टेपनी नाही!

पुढे काय झालं ते सांगतो. पण त्याआधी बाबांच्या तोंडून निघालेला तो शब्द पकडू या. स्टेपनी. आपल्याला हा शब्द इतका आपला वाटतो की तो कुठून आला हे विचारायचं सुचत नाही.

सुरुवात हवेच्या टायरपासून करू. हवा भरलेल्या चाकाचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच घेतलं होतं, पण तेव्हा ते चाललं नाही. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर लावले आणि मग मात्र हे प्रकरण जगभर गेलं. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. वाटेत पंक्चरवर पंक्चर. बक्षीस मिळालं नाही, पण मोटार हवेवर चालू शकते हे लोकांनी पाहिलं.

आता अडचण अशी की त्या काळातले रस्ते घोड्यांचे होते. रस्त्यावर नालेचे खिळे पडलेले असायचे आणि तेच टायरमध्ये घुसायचे. (आमच्या डॅशबोर्डवरचा दिवा नालेसारखा दिसतो तो वेगळ्या कारणाने, ते टायरच्या आडव्या कापाचं चित्र आहे. पण योगायोग झकास आहे.) त्यात चाकं तेव्हा गाडीला कायमची बसवलेली असत. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उपसायचा, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं, परत चढवायचं आणि हाताने हवा भरायची.

यावर उपाय निघाला वेल्समधल्या लानेली या गावात, १९०४ मध्ये. डेव्हिस बंधूंनी एक जादा चाक बनवलं. त्याला आरे नव्हते. नुसती लोखंडी कड आणि तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला ते चिमट्यांनी आवळून बसवायचं आणि निघायचं. त्यांचं दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याचं नाव स्टेपनी स्ट्रीट, म्हणून हे स्टेपनी व्हील. इंग्रजांच्या राज्यात जिथे जिथे मोटारी गेल्या तिथे हे नाव गेलं. पुढे अख्खं चाकच काढता येऊ लागलं आणि मूळ स्टेपनी इतिहासजमा झाली. आज इंग्लंडमध्ये हा शब्द सहसा कुणी वापरत नाही. पण आपल्याकडे तो जिवंत आहे, आणि ब्राझीलमध्येही. तिकडे जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात. म्हणजे वेल्समधल्या एका गल्लीचं नाव वडखळ नाक्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर दिवसातून एकदा तरी घेतो. आहे ना गंमत?

आता प्रश्न असा की चांगली चाललेली स्टेपनी घालवली कुणी?

तिच्याबद्दल तक्रारी जुन्याच होत्या. वजन वाढतं, डिकीतली जागा जाते आणि भर रस्त्यात जॅक लावून चाक बदलणं धोक्याचं असतं. म्हणून डनलॉप कंपनीने १९७० च्या दशकात 'डेनोव्हो' नावाचा टायर आणला. त्याच्या आत द्रवाच्या छोट्या कुप्या असायच्या. हवा गेली की रिमच्या दाबाने त्या फुटायच्या, आतून वंगण पसरायचं आणि बसलेला टायरसुद्धा काही अंतर धावायचा. रोव्हर आणि मिनीसारख्या गाड्यांना तो मिळायचा. पण त्याला रिम खास लागायची, किंमत जास्त होती आणि कुठल्याही दुकानात तो बदलून मिळत नव्हता. हळूहळू तो मागे पडला. हे कारण लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

मग आली आजची पद्धत. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन हवा पेलते. हवा गेली की टायरची बाजूची भिंत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चुरगळते, तापते आणि थोड्याच अंतरात फाटते. रन-फ्लॅटमध्ये या भिंतीच्या आत जाड, कडक रबराचा आधार असतो. हवा गेली तरी भिंत ताठ उभी राहते. फक्त ती सतत वाकते, म्हणून तापते. त्यामुळे मर्यादा ठरलेली असते: साधारणपणे ताशी ८० किलोमीटरचा वेग आणि ८० किलोमीटरचं अंतर. शिवाय टायर बसलाय हे ड्रायव्हरला हाताला कळतच नाही. म्हणून हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सोबत लागतेच. आमचा पिवळा दिवा तो हाच.

आणि हे सगळं आलं ते वेगवान गाड्यांमधूनच. १९८७ च्या सुमाराची पोर्शे ९५९, ताशी ३०० च्या वर जाणारी, जादा चाकाशिवाय विकली गेली. तिच्यासाठी ब्रिजस्टोनने असे टायर बनवले. अमेरिकेतली कॉर्व्हेट १९९७ पासून स्टेपनीशिवाय आली. २००५ च्या ३ सिरीजपर्यंत बीएमडब्ल्यूने आपल्या रोजच्या गाड्यांनाही रन-फ्लॅट देणं सुरू केलं होतं, आणि २००७ मध्ये त्यांचा चेन्नईजवळचा कारखाना सुरू झाल्यावर असे टायर आपल्या रस्त्यांवर जास्त दिसू लागले.

पण ड्रायव्हर लोकांचा अनुभव काय? जगभर सूर बराचसा सारखाच. भिंत कडक, म्हणून प्रत्येक खड्डा थेट कमरेत. टायर जड, म्हणून स्टिअरिंगची मजा कमी. आवाज जास्त. खड्ड्यात जोरात आपटलं तर भिंतीला फुगा. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे, इतरांना रन-फ्लॅट देणाऱ्या बीएमडब्ल्यूने एम३, एम५ अशा आपल्या खऱ्या वेगवान गाड्यांना साधेच टायर ठेवले. २००१ च्या कॉर्व्हेट झी०६ लाही वजन वाचवायला साधे टायर आणि पंक्चरचं किट दिलं. उलट बाजूही सांगायला हवी. निसानची जीटी-आर तर रन-फ्लॅटवरच धावली आणि भल्याभल्यांना मागे टाकत आली. म्हणजे हे टायर वाईट, असा सरसकट शिक्का मारता येत नाही.

मधल्या काळात मिशेलिनने 'पॅक्स' नावाचा वेगळाच प्रयोग केला. टायरच्या आत आधाराची एक कडी. अमेरिकेतल्या काही होंडा ओडिसी गाड्यांना तो आला. पण तो बदलायला खास मशीन आणि शिकलेला माणूस लागायचा. गावातल्या दुकानात काम होईना, लोक वैतागले आणि तोही बंद पडला. डेनोव्होचं कारण आठवतंय ना? तेच.

चला, परत नागोठण्याच्या पुढे, पावसात.

मित्र बाबांना म्हणाला, "काका, बसा. ही अशीच जाईल." बाबा बसले, पण त्यांचा विश्वास नव्हता. वेग पन्नास-साठच्या आत. बाबांचे कान मागच्या चाकाकडे. वडखळ गेलं, पेण गेलं. पेणला बाबा म्हणाले, "अजून फाटला नाही." खारपाड्याचा पूल ओलांडला, कर्नाळ्याचा चढ आला. वास यायला लागला, तापलेल्या रबराचा. पण पनवेलला आम्ही पोचलो. आजीवर वेळेत उपचार झाले. आज ती अंगणात बसून मला लग्नावरून टोमणे मारते, इतकी ठणठणीत आहे.

त्या रात्री पावसात, हायवेच्या कडेला, आजी मागे असताना चाक बदलायला दहा-पंधरा मिनिटं गेली असती. ती वाचली. म्हणून रन-फ्लॅटला शिव्या घालणारा कुणी भेटला की मी आधी ही गोष्ट सांगतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. टायर आतून खलास झाला होता. हवा नसताना इतकं पळवलेल्या टायरची भिंत आतून किती जळाली हे बाहेरून कळत नाही, म्हणून तो सहसा बदलावाच लागतो. त्या मापाचा टायर पनवेलच्या दुकानांत नव्हता. मागवावा लागला. गाडी चार दिवस तिथेच उभी. आणि बिल पाहून बाबा म्हणाले, "एवढ्यात माझ्या मिनिडोरचे तिन्ही टायर आले असते, वर स्टेपनी, आणि वर पैसे उरले असते."

आता खरा मुद्दा. रोहा ते पनवेल रेल्वेने ७५ किलोमीटर आहे, रस्त्यानेही साधारण तेवढंच. म्हणजे टायरचे ते ८० किलोमीटर जेमतेम पुरतात. पंक्चर रोह्यात झालं तर पनवेलला पोचाल. पण माणगाव किंवा महाडच्या बाजूला झालं तर? ८० हा आकडा टायरच्या रबराला किती उष्णता सोसेल यावरून आलाय. त्या अंतराच्या शेवटी दुकान असेल का, हे त्या आकड्यात कुठेच नाही. जर्मनीत ते गृहीत धरता येतं. आपल्याकडे, २०११ मध्ये पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचं काम सुरू होऊन दशकाहून जास्त काळ रखडलेल्या हायवेवर, सळया आणि खडी टायरला भेटतात आणि टायरवाला मात्र भेटत नाही.

मी नंतर वडखळजवळच्या एका पंक्चरवाल्या काकांना विचारलं, असा टायर आला तर काय करता? ते म्हणाले, "भिंत इतकी कडक की आमच्या मशीनवर उतरत नाही. जोर लावला तर रिमला चरा, मग शिव्या आम्हाला. मी हात जोडतो." साध्या ट्यूबलेसचं पंक्चर ते पाच मिनिटांत दोरी घालून काढून देतात. म्हणजे डेनोव्होला जे नडलं, पॅक्सला जे नडलं, तेच इथे आहे. रस्त्यावरच्या माणसाच्या हातात न येणारा उपाय जास्त दिवस टिकत नाही. स्टेपनी शंभर वर्षं टिकली, कारण ती कुणालाही लावता येते.

आणि हे फक्त श्रीमंतांचं दुखणं आहे असं समजू नका. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी देण्याची सक्ती राहिली नाही. म्हणजे उद्या तुम्ही कर्ज काढून जी साधी गाडी घ्याल, तिच्यातही नुसतं किट असू शकतं. आणि किट खिळ्याच्या भोकावर चालतं, फाटलेल्या भिंतीवर नाही.

मित्राने काय केलं? तो सेट झिजल्यावर साधे टायर बसवले आणि डिकीत एक बारीक स्टेपनी टाकली. बरेच मालक हेच करतात. मात्र तो गाडी एकटीने रात्री चालवणाऱ्या आपल्या बहिणीला सांगतो, तू रन-फ्लॅटच ठेव, अंधारात थांबू नकोस. मला दोन्ही पटतं. मुंबई-पुण्यात फिरणाऱ्याचं उत्तर वेगळं, रोह्याला आजोळ असणाऱ्याचं वेगळं.

तर मंडळी, एक काम करा. आज घरी गेलात की गाडीची डिकी उघडा, गालिचा उचला आणि खाली काय आहे ते बघा. स्टेपनी असेल तर तिच्यात हवा आहे का तेही बघा. बाबा म्हणतात, हवा नसलेली स्टेपनी म्हणजे नुसतं वजन.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, गाडी सावकाश चालवा.