उपाशी पोटाची गोष्ट: एरंडेल, इन्सुलिन आणि दुर्बीण

आजचा एपिसोड आहे पोट रिकामं करण्याच्या इतिहासावर. हसू नका. घरात कुणाला शुगर असेल आणि डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सांगितली असेल, तर हा इतिहास थेट तुमच्या स्वयंपाकघरात येतो.

सुरुवात आपल्याच भागातून करू. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी लागते. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते डॉ. विल्यम वानलेस मूळचे कॅनडातल्या ऑन्टारिओचे. १८८९ साली ते भारतात आले, आधी सांगलीत दवाखाना चालवला आणि १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. जुनी माणसं त्याला अजून 'मिशन हॉस्पिटल'च म्हणतात. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे लांबलांबून पेशंट यायचे. त्या काळात आतडी साफ करायची म्हणजे जगभर मुख्य उपाय दोन: एरंडेल आणि एनिमा. 'एरंडेल प्यायल्यासारखं तोंड' असं आपण उगीच म्हणत नाही.

आता मधुमेही माणसाचं बघा. तेव्हा इन्सुलिन नव्हतं. १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी जी पद्धत रूढ केली, ती होती उपाशी ठेवण्याची. लहान मुलांनासुद्धा दिवसाला जेमतेम काही शे कॅलरी. मुलं हाडांचा सापळा व्हायची, पण थोडी जास्त जगायची. म्हणजे उपास हेच औषध!

मग जानेवारी १९२२ मध्ये वानलेसांच्याच ऑन्टारिओत, टोरोंटोला, लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि सगळा खेळ उलटला. कारण इन्सुलिन अंगात आहे आणि पोटात काहीच नाही, तर साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, बडबड, मग बेशुद्धी. कालपर्यंत जो उपास औषध होता, तोच आता धोका झाला.

गोळ्यांची कथा तर अजून बोलकी आहे. १९४२, फ्रान्समधलं मॉन्टपेलिए, ऐन महायुद्ध. डॉ. मार्सेल जाँबाँ टायफॉइडच्या पेशंटना एक नवीन सल्फा औषध देत होते. काहींना झटके यायला लागले, काही दगावले. साखर पडत होती! युद्धातली टंचाई, माणसं आधीच अर्धपोटी. त्याच निरीक्षणातून पुढे मधुमेहाच्या गोळ्यांचं एक अख्खं घराणं निघालं. आज घरोघरी असलेली ग्लिमेपिराइड त्यातलीच. म्हणजे या औषधाचा गुण पहिल्यांदा दिसला तोच उपाशी माणसांत. मला ही गोष्ट कळल्यापासून आत्याच्या गोळ्यांच्या डबीकडे मी वेगळ्याच नजरेने बघतो.

आत्या कराडजवळ राहते. वीस वर्षं शुगर, आणि आयुष्यभर एकादशी. तिला तपासणी सांगितली तेव्हा ती म्हणाली, "अरे, उपासाची मला सवय आहे." इथंच घोळ होतो. आपला उपास म्हणजे 'एकादशी अन् दुप्पट खाशी'! साबुदाणा, वरी, दाण्याची आमटी. तपासणीचा उपास म्हणजे आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ. तिला मिळालेल्या कागदावर काय खाऊ नये ते सगळं होतं, गोळीचं मात्र अक्षर नव्हतं. असे कागद बहुतेक वेळा शुगर नसलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून छापलेले असतात, हे माझं मत.

दुर्बिणीचं थोडक्यात सांगतो. काचेच्या लवचिक धाग्यांतून चित्र नेता येतं हे १९५४ साली हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबचे नरिंदर सिंग कपानी यांनी दाखवलं. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला वुल्फ आणि शिन्या यांनी त्याच नळीतून आतड्यातल्या गाठी काढायला सुरुवात केली. पण आत मळ असेल तर दुर्बीण काय बघणार? काही ठिकाणी मॅनिटॉल पाजत. ते आतड्यातल्या जंतूंनी आंबवलं की हायड्रोजन तयार होतो, आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समध्ये गाठ जाळताना आतड्यात स्फोट होऊन पेशंट गेला. १९८० मध्ये अमेरिकेत फोर्डट्रान यांच्या गटाने क्षार घातलेलं पीईजीचं पाणी आणलं, जे अंगात फारसं शोषलं जात नाही, फक्त धुऊन काढतं. आज आपल्याकडे पावडर कालवून दोन लिटर पितात ते हेच.

आता कामाचं. तारीख मिळाली की लगेच शुगरच्या डॉक्टरांना फोन करा आणि प्रत्येक औषधाचं नाव घेऊन विचारा: हे कधी बंद, किती कमी, परत कधी सुरू? नाव 'ग्लिफ्लोझिन'ने संपणाऱ्या गोळ्या बहुधा तीन-चार दिवस आधीच थांबवायला सांगतात. टाइप वनवाल्यांनी बेसल इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही, कधीच नाही. सकाळचा पहिला नंबर मागा. जुन्या मधुमेहात आतडी मंद चालतात, म्हणून साफ व्हायला जास्त वेळ लागू शकतो. तेही आधी सांगा, नाहीतर सगळं पुन्हा करावं लागतं.

जेवणात भाकरी, उसळ, शेंगदाण्याची चटणी काही दिवस आधीपासून बंद. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही नको, तिच्यात बिया असतात. रात्री दर दोन-तीन तासांनी साखर तपासा. ७० च्या खाली आली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. तेव्हा 'मला साखर चालत नाही' हा हट्ट नको. साताऱ्याचा कंदी पेढा मात्र यासाठी नको, त्याची साखर हळू चढते आणि दूध आतड्यात राहतं.

आत्याचा शेवटचा प्रश्न कोकम सरबताचा होता. डॉक्टर म्हणाले, नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. मग तिने गाळलेलं लिंबू सरबत घेतलं, साखर घालून, वीस वर्षांत पहिल्यांदा.