गोरोची वाट: कानो ते सालागा

पश्चिम आफ्रिकेच्या इतिहासलेखनात सोने, मीठ आणि गुलाम यांच्या व्यापाराला जेवढी पाने मिळाली, तेवढी कोलाच्या बियांना मिळालेली नाहीत. वास्तविक आजच्या उत्तर नायजेरियातील हौसा लोकांनी परमुलखात केलेल्या नियमित आणि दीर्घ प्रवासांपैकी एक प्रवास याच खाद्यवस्तूसाठी होत असे, आणि खाण्याच्या ओढीने नायजेरियन माणूस देशाबाहेर पडू लागला ही विमानयुगाची देणगी आहे, हा समज त्यापुढे टिकत नाही. कानोच्या बखरीत गोंजाकडे जाणारी वाट पंधराव्या शतकात, अब्दुल्लाही बुर्जाच्या कारकिर्दीत, खुली झाल्याचा उल्लेख येतो. ही बखर बऱ्याच उशिरा लेखनिविष्ट झाल्याने सनावळीच्या बाबतीत तिच्यावर सगळा भार टाकता येत नाही; तरी हा व्यापार जुना असल्याची स्मृती कानोच्या दरबाराने जपली होती, एवढे त्यातून निश्चित होते. गोंजा म्हणजे आजच्या घानाच्या उत्तरेकडील प्रदेश, आणि त्याच्या दक्षिणेला असांते राज्याची दाट अरण्ये, जेथे हौसा लोकांना हवा असलेला कोला पिकत असे.

कोलाच्या झाडाला जाड सालीच्या शेंगा लागतात आणि त्यांत पांढऱ्या आवरणाखाली तांबड्या, गुलाबी किंवा पांढऱ्या बिया असतात. त्यांत कॅफिन असते, चव प्रथम तुरट-कडू लागते, आणि बी चावून झाल्यावर प्यालेले पाणी गोड वाटते. तहान, भूक आणि थकवा काही काळ मारणारी ही वस्तू कोरड्या सवाना प्रदेशात मोलाची ठरली यात नवल नाही. पण तिच्या प्रतिष्ठेचे दुसरे कारण धार्मिक होते. इस्लाममध्ये मद्य निषिद्ध आणि कोला मात्र ग्राह्य, त्यामुळे 1804 मध्ये सुरू झालेल्या उस्मान दान फोदियोच्या जिहादातून सोकोतोची खिलाफत उभी राहिली आणि शहरांत धर्माचरणाचा आग्रह वाढला, तसतशी गोरोची, म्हणजे हौसा भाषेतील कोलाची, मागणीही वाढत गेली. आपल्याकडे पानसुपारीला जे स्थान, तेच तेथे गोरोला होते: पाहुण्यापुढे तो ठेवायचा, बारशाला वाटायचा, सोयरीक ठरताना पाठवायचा. 1851 मध्ये कानोत आलेल्या हाइनरिख बार्थ या जर्मन प्रवाशाने कोला ही तेथील लोकांची चहा-कॉफीइतकीच निकडीची गरज असल्याचे नोंदवले आहे.

कानोपासून सालागा ही गोंजातील बाजारपेठ सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटरवर आहे, आणि नायजर नदी ओलांडून बोर्गू प्रदेशातून जाणारी प्रत्यक्ष वाट त्याहून बरीच लांब होती. काफिल्याचा प्रमुख म्हणजे ‘मादुगू’. मुक्काम कोठे पडायचा, वाटेतील राजांना जकात किती द्यायची, कोणता पल्ला टाळायचा, हे तोच ठरवी. आगालावा आणि तोकारावा या व्यापारी समूहांनी एकोणिसाव्या शतकात या उद्योगात विशेष नाव मिळवले. जाताना गाढवांवर चॅड सरोवराकडचा खार, कानोचे निळीत रंगवलेले कापड आणि कातडी वस्तू लादलेल्या असत. 1826 मध्ये ह्यू क्लॅपर्टन या प्रवाशाला बोर्गूतील कायामा येथे गोंजाकडून परतणारा मोठा काफिला आढळला. त्यात हजारावर माणसे होती आणि पुरुषांच्या बरोबरीने स्त्रियाही होत्या. वाटेतील मुख्य शिधा म्हणजे ‘फुरा’, अर्थात बाजरीचे पीठ शिजवून, आले-लवंगेसारखे मसाले घालून आणि कुटून वळलेले गोळे, जे आंबट दुधात किंवा ते न मिळाल्यास नुसत्या पाण्यात कुस्करून पीत असत.

जाण्याच्या फेऱ्यापेक्षा परतीचा फेरा अवघड होता, आणि त्याचे कारण चोर-दरोडेखोरांइतकेच खुद्द मालातही होते. ताजा गोरो ओलसर आणि करकरीत असावा लागतो. तो सुकला की सुरकुततो, कडक होतो आणि त्याची किंमत उतरते, तर फार ओल राहिली की बुरशी धरते. म्हणून बिया रुंद हिरव्या पानांत गुंडाळून करंड्यांत भरत, आणि वाटेत ठरावीक टप्प्यांवर करंड्या उघडून, सोंडकिड्यांनी पोखरलेल्या बिया वेचून काढून, पाणी शिंपडून, पाने बदलून पुन्हा बांधत. एका रोगट बीमुळे शेजारच्या बिया नासत असल्याने हे काम वेळखाऊ असले तरी टाळता येत नसे. जाऊन-येऊन सहा महिने ते वर्षभर चालणाऱ्या या प्रवासाचा हिशेब सामान्यतः ओझी आणि जकातींच्या आकड्यांत मांडला जातो; परंतु या व्यापाराची घडण समजून घ्यायची तर ओलाव्याचे हे गणित आधी पाहावे लागते.

सालागातील ‘माइ गिदा’ ही संस्थाही याच गणितातून उलगडते. माइ गिदा म्हणजे घरधनी: तो मूळचा हौसा असे किंवा निदान हौसा बोलणारा असे, आलेल्या व्यापाऱ्याला घरात उतरवून घेई, त्याच्या जेवणखाणाची सोय पाही, त्याचा माल ठेवून घेई, गिऱ्हाईक गाठून देई, उधारीला जामीन राही आणि या सगळ्याबद्दल व्यवहारावर दलाली घेई. असांते राजसत्ता उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांना अरण्यातील उत्पादकांपर्यंत पोहोचू देत नसे, त्यामुळे नाशवंत माल परक्या गावी विश्वासाने आणि वेळेत हाती येण्यासाठी असा मध्यस्थ अपरिहार्य होता. विहिरींसाठी ख्यात असलेल्या या गावात कोलाइतकाच माणसांचाही बाजार भरत असे, हे विसरून सालागाच्या भरभराटीचे कौतुक करता येत नाही. 1874 मध्ये इंग्रजांनी असांतेची राजधानी कुमासीवर चाल करून त्या राज्याची पकड ढिली केली, तेव्हा सालागातील असांते अंमल उलथला आणि व्यापार किंताम्पोसारख्या पेठांकडे पांगला.

पुढे वाटच बदलली. आगालावा घराण्यातील अल्हसन दानताता (1877–1955) यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, बंदरांतून गोरो आगबोटीने लागोसला आणायला सुरुवात केली. समुद्रमार्गाने वेळ वाचला आणि नासाडीही घटली. 1911 मध्ये लोहमार्ग कानोला पोहोचल्यावर गाढवांच्या काफिल्याला व्यापारी अर्थ उरला नाही. त्यानंतर नैर्ऋत्य नायजेरियात आगेगे आणि आसपास याच जातीच्या कोलाच्या बागा वाढल्या व आयातीचीही गरज कमी होत गेली.

व्यापार सरला तरी त्याने वसवलेली माणसे राहिली. घानातील गावोगावच्या परदेशी मुस्लिम वस्त्यांना ‘झोंगो’ म्हणतात, आणि त्यांच्या चुलींवरचे पदार्थ आज साऱ्या देशाचे झाले आहेत: ज्वारीच्या पानांचा तांबूस रंग उतरवून शिजवलेला चवळी-भात म्हणजे ‘वाच्ये’, मसालेदार बाजरीची पेज म्हणजे ‘हौसा कोको’, आणि तिच्याबरोबर खायचे, सोललेली चवळी वाटून तळलेले ‘कोसे’. प्रवासी खाण्यासाठी गेला आणि यजमानांनाच खायला घालून राहिला, असा हा उलटा व्यवहार आहे. यजमानांनी त्याची जाण नेहमी ठेवली असे मात्र नाही. नोव्हेंबर 1969 मध्ये घाना सरकारने निवासी परवाना नसलेल्या परकीयांना दोन आठवड्यांत देश सोडण्याचा आदेश काढला, तेव्हा कित्येक पिढ्या तेथेच वाढलेल्या नायजेरियन कुटुंबांनाही बिऱ्हाड उचलावे लागले. 1983 मध्ये नायजेरियाने घानाच्या लोकांना तशाच घाईने बाहेर काढले. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक समुदायाने 1979 मध्ये केलेल्या करारानुसार सदस्य देशांच्या नागरिकांना परस्परांच्या देशात 90 दिवस विनाव्हिसा राहता येते, आणि आजचा नायजेरियन खवय्या अक्राला जातो तो याच सवलतीवर. तेथे तो दोन्ही देश ज्यावर हक्क सांगतात त्या जोलोफ भातावरून हिरिरीने वाद घालतो, परंतु सकाळी पानात बांधून मिळणारे वाच्ये ज्या झोंगोंतून आले, त्यांची उभारणी कानो-कात्सिनाकडच्या व्यापाऱ्यांनी केली होती, हे त्या वादात क्वचितच निघते.