खोडदची दुर्बीण आणि दोन प्रोसेसर

लॅपटॉपमधील प्रोसेसर धाकटा आणि सर्व्हरमधील प्रोसेसर थोरला, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. दोहोंत भेद आहे तो केवळ शक्तीचा, असे तीमागे गृहीत धरलेले असते. वस्तुतः हा भेद मुख्यत्वे कार्याच्या स्वरूपाचा आहे; आणि त्या दोघांचा इतिहास पाहिला तर थोरला कोण व धाकटा कोण, हा प्रश्नच वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे ‘जीएमआरटी’च्या, आधारे करण्याचे योजिले आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभारली. पुण्यापासून फार दूर नसलेला आणि तरीही रेडिओ कोलाहल कमी असलेला प्रदेश म्हणून नारायणगावाजवळील ही जागा निवडण्यात आली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना येथे आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात असून उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर विखुरलेल्या आहेत. त्यांचा एकूण विस्तार सुमारे २५ किलोमीटर आहे. २००१ च्या ऑक्टोबरात ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

ही दुर्बीण एका अर्थी गणितानेच घडते. एकटी अँटेना आकाशाचे सूक्ष्म चित्र देऊ शकत नाही. प्रत्येक दोन अँटेनांकडून आलेल्या संदेशांचा गुणाकार करून त्यांतील साम्य मोजावे लागते. ३० अँटेनांच्या अशा जोड्या ४३५ होतात. हे काम करणाऱ्या यंत्रणेस ‘कोरिलेटर’ म्हणतात. प्रत्येक अँटेनाकडून ध्रुवणानुसार दोन, याप्रमाणे एकूण ६० संदेश येतात. ३२ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यातील संदेशाचे सेकंदास निदान ६ कोटी ४० लक्ष नमुने घ्यावे लागतात. म्हणजे सेकंदामागे ३८४ कोटी नमुने येऊन पडतात. आणि पुढच्या सेकंदाचे नमुने मागच्यांसाठी थांबत नाहीत.

हे काम पार पाडण्याच्या पद्धतीची तीन पर्वे दिसतात. पहिल्या पर्वात कोरिलेटर खास घडविलेल्या विद्युत्मंडलांचा होता. अमेरिकेतील ‘व्हीएलबीए’ या दुर्बिणीसाठी निर्मिलेली चिप त्यात योजिली होती. ती चिप एकच काम उत्तम करी. पण पद्धत बदलावयाची तर यंत्रच बदलणे भाग होते. दुसऱ्या पर्वात जयंता रॉय, यशवंत गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी बाजारात मिळणारे इंटेल प्रोसेसरांचे संगणक जोडून तेच काम आज्ञावलीकडून करवून घेतले. त्याचे सविस्तर वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या पर्वात दुर्बिणीचे नूतनीकरण होऊन पट्ट्याची कमाल रुंदी ४०० मेगाहर्ट्झ झाली. तेव्हा सेकंदाचे नमुने ४,८०० कोटींच्या घरात गेले आणि केवळ सर्वसामान्य प्रोसेसरांवर भिस्त ठेवणे शक्य राहिले नाही. अंतर्गत जोडणी बदलता येणाऱ्या चिप्स व ग्राफिक्स प्रोसेसर त्यांच्या साहाय्यास आले. सारांश, विशेष यंत्राकडून सर्वसामान्य यंत्राकडे आणि तेथून पुन्हा अंशतः विशेष यंत्राकडे, असा हा प्रवास आहे.

बाजारातील संगणक अशा कामास योग्य कसे ठरले, हे समजण्यासाठी त्यापूर्वीच्या दशकाकडे वळले पाहिजे. इंटेलने १९९८ मध्ये सर्व्हरसाठी ‘झिऑन’ ही मालिका आणली. २००० नंतरची काही वर्षे त्या कंपनीने ठोक्यांचा वेग वाढविण्यावर भर दिला; पण उष्णता अनावर झाली आणि ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत २००४ मध्ये सोडून द्यावा लागला. याच सुमारास इस्राएलमधील हैफा येथील तिच्या अभियंत्यांनी लॅपटॉपसाठी ‘पेंटियम एम’ रचला होता. तो २००३ मध्ये बाजारात आला. बॅटरी जपावयाची असल्यामुळे प्रत्येक ठोक्यात अधिक काम, हे त्याचे धोरण होते. २००६ मधील ‘कोअर’ रचना याच धोरणातून विकसित झाली आणि त्याच वर्षीचे झिऑन ५१०० हे सर्व्हरचे प्रोसेसर तिच्यावर आधारलेले होते. सर्व्हरने लॅपटॉपची काटकसर उचलली, ती अशी.

भाषेच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजघराण्याने केलेल्या वैदिक यज्ञांची व दक्षिणांची नोंद आहे. ती संस्कृतात नसून प्राकृतात आहे. प्रतिष्ठेचे कार्य करावयास व्यवहारातली भाषा पुढे आल्याची उदाहरणे विरळा नाहीत.

मूळ एक असले तरी पुढे दोन शाखांची वाढ भिन्न झाली. लॅपटॉपचा प्रोसेसर क्षणभर उसळी घेतो आणि पुन्हा विसावतो; त्या क्षणी त्याच्या एकेका कोअरचा वेग सर्व्हरच्या कोअरहून अधिकही असू शकतो. सर्व्हरच्या प्रोसेसरास विसावा गृहीत नसतो. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या ‘एपिक’ प्रोसेसरांत ९६ पर्यंत कोअर व स्मृतीकडे जाणारे १२ मार्ग होते. लॅपटॉपमध्ये असे मार्ग सामान्यतः दोनच असतात. शिवाय, स्मृतीतील एखादा अंक चुकून उलटला तर तो दुरुस्त करण्याची सोय सर्व्हरमध्ये नियमाने असते. पहिल्यात तत्परता आहे, दुसऱ्यात सातत्य.

खोडदच्या संदर्भात या भेदाचे गांभीर्य विशेष जाणवते. कोरिलेटर मागे पडला तर ते निरीक्षण कायमचे हरवते. आकाश तोच क्षण पुन्हा दाखवीत नाही. उलट, साठविलेल्या माहितीचे विश्लेषण कितीही वेळा करता येते. २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर झालेल्या आकाश-सर्वेक्षणाची माहिती ह्यूब इंटेमा व सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने पुन्हा तपासली आणि २०१७ मध्ये सुमारे ६ लक्ष २० हजार रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. एवढ्या व्यापक कामास मोठी संगणकसामग्री लागतेच. तथापि जुन्या अरुंद पट्ट्यातील एखादे निरीक्षण विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवरही तपासू शकतो. त्यास उशीर झाला तर खर्च होतो तो केवळ त्याचा वेळ.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. दोन्ही प्रोसेसर रेडिओ कोलाहल निर्माण करतात, आणि त्याचा काही भाग दुर्बिणीच्याच पट्ट्यात पडतो. दुर्बिणीला डोळस करणारे यंत्रच तिला आंधळी करू शकते. जुन्नर-आंबेगावच्या परिसरात विजेची उपकरणे जसजशी वाढत जातील, तसतसा हा प्रश्न बिकट होत जाईल.

तेव्हा प्रोसेसरांची तुलना करताना केवळ वेगाचे व कोअरांचे आकडे शेजारी मांडून भागत नाही. काम थांबू शकते की नाही, आणि चूक पुन्हा दुरुस्त करता येते की नाही, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे मिळाली म्हणजे आकड्यांना अर्थ येतो.