धार मोजताना

आज एका काळ्या, बुळबुळीत पदार्थाचा इतिहास पाहू. नाव मॉलिब्डेनम डायसल्फाइड. पत्त्यांच्या कॅटासारखे याचे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून यंत्रांच्या वंगणात त्याला मान. स्वच्छ हायड्रोजनशी मात्र त्याचं नाव फार उशिरा जोडलं गेलं.

पाण्यात वीज सोडून हायड्रोजन मिळवता येतो, हे निकोल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० सालीच दाखवलं. मग अडलं कुठे? हायड्रोजन जिथे सुटतो त्या बाजूला प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक नाही, आणि प्लॅटिनम महाग. हायड्रोजनचा अणू त्याला चिकटतो, पण बेताने. चिकटलाच नाही तर क्रिया सुरू होत नाही. घट्ट चिकटला तर दोघांची जोडी जमून वायू सुटत नाही.

आपल्या पदार्थाचे मोठे स्फटिक १९७० च्या दशकात तपासले गेले आणि ते या कामी मंद ठरले. निष्कर्ष चुकीचा नव्हता. पण तो कशाविषयी होता? पदार्थाविषयी, की त्याच्या सपाट पाठीविषयी?

२००५ साली डेन्मार्कमध्ये नॉर्स्कोव आणि सहकाऱ्यांनी सूत्र धरलं ते जिवाणूंच्या विकरांचं. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत नत्र पकडणारं जे विकर असतं, त्याच्या गाभ्यात लोह, मॉलिब्डेनम आणि गंधक असतं. नत्र पकडताना ते थोडा हायड्रोजनही सोडतं. (आमच्या शेतकऱ्याला गाठी ठाऊक, हा हायड्रोजन नव्हे!) गणितातून दिसलं की मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थराची कडही हायड्रोजनला तशीच बेताने धरते.

गणित झालं, पुरावा हवा. २००७ साली यारामियो, चोर्केंडॉर्फ आदींनी सोन्याच्या पृष्ठावर या पदार्थाचे नॅनोकण घडवले, कमीजास्त तापवून त्यांचा आकार बदलला, सूक्ष्मदर्शकाने एकेका कणाची कड मोजली. हायड्रोजन सुटण्याचा वेग क्षेत्रफळाच्या नव्हे, कडेच्या लांबीच्या प्रमाणात निघाला. आम्हाला हा प्रयोग फार आवडतो. वैशेषिकांनी गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो म्हटलं. इथे विचारावं लागतं, द्रव्याच्या नेमक्या कोणत्या जागी?

त्यानंतर उत्प्रेरकाची रचना म्हणजे कडा वाढवणं, असा धंदाच सुरू झाला: थर उभे करा, भोकं पाडा, कण बारीक करा. 'नॅनो' शब्दाचा गाजावाजा आम्हाला पटत नाही. बारीक केल्याने कड वाढते, एवढंच. आणि प्लॅटिनमची बरोबरी अजून झालेली नाही. शिवाय आम्लात चालणाऱ्या यंत्रात ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम लागतं, ते प्लॅटिनमहूनही दुर्मिळ. तिकडे असली सोयीची कड अजून सापडायची आहे.