काट्यामागची नळी

सावेडीहून रणगाडे पाहायला निघालं की अख्खं नगर ओलांडावं लागतं. हे उपनगर मनमाड रस्त्याला, तर रणगाडा संग्रहालय सोलापूर रस्त्याच्या बाजूला, फराहबागेजवळ. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात पोरंसोरं पॅटन आणि सेंच्युरियनभोवती गोळा होतात. जुन्या गाड्यांचा शौकीन मात्र रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपाशी रेंगाळतो. सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर पोलादी कवच चढवून ही गाडी केलेली. कवच गोळी अडवील. पण इंजिनात तेल दाबाखाली फिरतंय की नाही, हे चालवणाऱ्याला कळायचं ते समोरच्या गेजच्या बारक्या काट्यावरून.

ते गेज मोटारीपेक्षा जुनं. पॅरिसच्या यूजीन बूर्दाँनं १८४९ मध्ये वाफेच्या इंजिनांसाठी त्याचं पेटंट घेतलं. आत वाकवलेली चपटी नळी असते. दाब आला की ती जत्रेतल्या कागदी पिपाणीसारखी उलगडू पाहते आणि तेवढ्या हालचालीवर काटा फिरतो. गंमत म्हणजे गेजपर्यंत तेल वाहत जात नाही. नळीचं टोक बंदच असतं. पोचतो तो फक्त दाब.

खरी अडचण मधल्या अंतराची. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, डॅशबोर्ड बॉडीला घट्ट. दोघांना जोडणारी तांब्याची नळी सरळ ताणून बसवली तर थरथरीनं कडक होते आणि एक दिवस नटाशी तडकते. मग गरम तेल एक्झॉस्टवर, नाहीतर चालवणाऱ्याच्या पायांवर. म्हणून जुन्या कारखान्यांनी दोन तोडगे काढले : इंजिनाजवळ नळीला दोन-तीन वेटोळी द्यायची, किंवा तेवढ्या टप्प्यात लवचीक होज घालायची.

नगरला या नळी-काट्याचं अप्रूप नसावं. ब्रिटिश अमदानीत रॉयल टँक कोअरचा तळ इथे होता आणि १९४८ पासून चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. युद्धातली साठ अश्वशक्तीची विलिस जीप तर ऑइल गेज घेऊनच आली. डिस्पोजलमध्ये निघालेल्या जीप देशभर नागरी हातांत गेल्या आणि १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली.

अशी जीप आज पूर्ववत करताना हौशी मंडळी रंगाच्या छटेवर वाद घालतात आणि नळी मात्र जाईल तिथून नेतात. चांगला मिस्त्री आधी वाट ठरवतो. एक्झॉस्टपासून लांब, स्पार्क प्लगच्या वायरींपासून वेगळी, क्लच-ब्रेकच्या पेडलांच्या आड न येणारी. पत्र्यातून नळी जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच; पत्र्याची धार तांबं महिन्या-दोन महिन्यांत कापते. जुनी नळी वापरायची तर ती लालसर तापवून पाण्यात बुडवतात; तांबं पुन्हा मऊ पडतं. मग टोकावर नट आणि ऑलिव्ह, म्हणजे चेपून घट्ट बसणारं कडं, चढवायचं, आटे हातानं लावायचे आणि शेवटचा पीळ पान्यानं, बेतानं द्यायचा. ऑलिव्ह एकदा चेपलं की पुढचा जोर नुकसानच करतो.

पुढे कंपन्यांनी हा उपद्व्यापच टाळला. अमेरिकेत हडसन कंपनीनं १९३० च्या दशकातच तेलाच्या काट्याऐवजी दिवा आणला. कुर्ल्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० मध्येही तांबडा दिवाच होता : इंजिनावर एक स्विच, तिथून एक वायर. स्वस्त, आणि गळायला काही नाही. पण दाब हळूहळू उतरत असेल तर दिवा गप्प राहतो; तो पेटतो तेव्हा बेअरिंगांची वेळ भरत आलेली असते. काट्याची उतरण आधीपासून दिसते, म्हणून जाणकार आजही नळीचा खटाटोप पत्करतात.

नळी बसली की इंजिन चालू करून दोन्ही जोडांवर कोरडं फडकं फिरवतात. तेलाचा ओलावा लागला तर जोड पुन्हा उघडायचा. थंड इंजिनात काटा वर चढतो. इंजिन तापून मोकळ्या चालीवर आलं की तो खाली येतो. नवखा मालक इथे हमखास घाबरतो, पण तेल पातळ झाल्यावर एवढी उतरण व्हायचीच.