नागीण, कांजिण्या आणि हर्पिस : औषध उपलब्ध, मात्र निदान वेळेत हवे

चेन्नई : छातीच्या किंवा कमरेच्या एका बाजूला लाल पट्टा उठून त्यावर पाण्याचे फोड आले, की महाराष्ट्रात त्या आजाराला 'नागीण' म्हणतात आणि तामिळनाडूत 'अक्की'. नागिणीने कमरेला पूर्ण विळखा घातला की रोगी दगावतो, असा समज मराठी मुलखात रूढ आहे. तामिळनाडूत अशा फोडांवर कुंभाराकडून गेरूने रेखाटन करवून घेण्याची जुनी रीत आहे. दोन्ही प्रांतांत आजार एकच आहे आणि त्यापायी होणारे नुकसानही एकाच प्रकारचे आहे. विषाणूविरोधी औषधाचा सर्वाधिक उपयोग ज्या पहिल्या तीन दिवसांत होतो, ते दिवस घरगुती उपायांत निघून जातात.

नागिणीचे फोड साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात. त्यामुळे श्रेय गेरूला, मंत्राला किंवा पाल्याच्या लेपाला मिळते. फोड सुकल्यानंतरही महिनोन् महिने टिकणारी वेदना, डोळ्याला होणारी इजा आणि क्वचित मेंदूपर्यंत पोहोचणारा संसर्ग यांचा हिशेब मात्र या श्रेयात धरला जात नाही.

एकाच कुळातील विषाणू

नागीण, कांजिण्या, ओठावरचे फोड आणि जननेंद्रियावरील हर्पिस हे आजार 'हर्पिस' या एकाच कुळातील विषाणूंमुळे होतात. माणसाला बाधणारे या कुळातील प्रमुख विषाणू असे : हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार, कांजिण्या व नागीण या दोहोंस कारणीभूत असलेला व्हेरिसेला झोस्टर, एपस्टाइन-बार, सायटोमेगॅलो, तसेच मानवी हर्पिस विषाणू क्रमांक ६, ७ आणि ८. यांतील सहाव्या क्रमांकाच्या विषाणूमुळे तान्ह्या मुलांना तीन-चार दिवस तीव्र ताप येतो आणि ताप उतरताच अंगावर पुरळ उठते.

या सर्वांचे एक समान वैशिष्ट्य म्हणजे एकदा शरीरात शिरलेला विषाणू पुन्हा बाहेर जात नाही. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर नागिणीच्या रूपाने पुन्हा जागा होतो. म्हणून नागीण हा बाहेरून लागलेला नवा आजार नव्हे. मात्र ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत व लसही मिळालेली नाही, अशा व्यक्तीला नागिणीच्या फोडांतील पाण्यातून कांजिण्यांची लागण होऊ शकते.

नागीण : पहिले ७२ तास

नागिणीचे निदान बहुधा डॉक्टरांच्या नजरेनेच होते. फोड येण्यापूर्वी दोन-तीन दिवस त्या भागात आग, टोचल्यासारखी वेदना किंवा मुंग्या जाणवतात. मग शरीराच्या एकाच बाजूला, एका मज्जातंतूच्या पट्ट्यात फोडांचे घोस उमटतात. प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या आपापल्या बाजूलाच पसरलेला असल्याने हा पट्टा सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. विळख्याची भीती त्यामुळे निराधार ठरते. फोड दोन्ही बाजूंना किंवा सर्वांगावर पसरले, तर मात्र रोग्याची प्रतिकारशक्ती खालावली असण्याची शक्यता असते आणि तातडीने तपासणी करावी लागते.

पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करणे हितकारक ठरते. प्रौढांना ॲसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १,००० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, असा सात दिवसांचा प्रघात आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते. त्यामुळे हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. नवे फोड येतच असतील किंवा डोळ्याला बाधा झाली असेल, तर ७२ तास उलटून गेल्यावरही उपचार दिले जातात. फोड सुकल्यानंतर उरणाऱ्या वेदनेसाठी गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन ही मज्जातंतूंवर काम करणारी औषधे वापरतात.

ॲसायक्लोव्हिर हे औषध अमेरिकेत १९८२ मध्ये प्रथम मान्यता पावले. विषाणूने बाधित झालेल्या पेशीतच ते प्रामुख्याने क्रियाशील होते, कारण त्याला चालना देणारे विकर विषाणू स्वतःच तयार करतो. निरोगी पेशींना म्हणूनच त्याचा फारसा उपद्रव होत नाही. ज्या संशोधनातून असे औषध शक्य झाले, त्यात अग्रभागी असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरवण्यात आले. औषधाची मर्यादाही याच कार्यपद्धतीत आहे. विषाणू वाढत असतानाच ते त्याला रोखते. सुप्त विषाणूवर त्याचा परिणाम होत नाही.

कांजिण्या : मोठ्या वयात जोखीम अधिक

उष्ण कटिबंधात कांजिण्या बालपणाऐवजी तरुणपणी होण्याचे प्रमाण थंड देशांपेक्षा अधिक आढळते. तामिळनाडूत या आजाराला 'अम्मै' म्हणतात आणि देवीचा कोप मानून दाराला कडुनिंबाचा पाला बांधतात. पाल्याने अपाय होत नाही आणि घराबाहेरच्यांना त्यातून रोगाची सूचनाही मिळते. मात्र तो बांधला म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळणे धोक्याचे आहे. प्रौढांना, गर्भवतींना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कांजिण्यांतून न्यूमोनिया होऊ शकतो. अशा रुग्णांना पुरळ उठल्यापासून शक्यतो २४ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू करतात. कांजिण्या झालेल्या मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये. त्याने यकृत व मेंदूला गंभीर इजा पोहोचू शकते.

ओठावरील व जननेंद्रियावरील फोड

ओठाच्या कडेला येणारे फोडांचे झुबके बहुधा हर्पिस सिम्प्लेक्सच्या पहिल्या प्रकारामुळे, तर जननेंद्रियावरील वेदनादायी फोड व व्रण दुसऱ्या किंवा पहिल्या प्रकारामुळे होतात. ताज्या फोडाच्या तळातील स्राव घेऊन केलेली पीसीआर चाचणी निदानास सर्वांत भरवशाची आहे. जननेंद्रियावर हर्पिस प्रथमच उद्भवल्यास सात ते दहा दिवस गोळ्या देतात. वर्षातून अनेक वेळा त्रास होणाऱ्यांना रोज अल्प मात्रेत औषध देऊन उद्रेक कमी करता येतात. फोड नसतानाही संसर्ग पसरू शकतो. निरोधमुळे ही शक्यता घटते, पूर्णपणे टळत नाही. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत हा आजार पहिल्यांदा झाल्यास नवजात बालकाला गंभीर धोका असतो. तो प्रसूतितज्ज्ञांपासून लपवू नये.

डोळा : स्टेरॉइडचे थेंब घातक

डोळा लाल होऊन पाणी येणे, प्रकाश सहन न होणे आणि दृष्टी धूसर होणे ही लक्षणे बुबुळाच्या हर्पिसची असू शकतात. विशिष्ट रंगद्रव्य घालून पाहिल्यास बुबुळावर झाडाच्या फांदीसारखा व्रण दिसतो. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब अशा डोळ्यात घातल्यास व्रण पसरतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. नागिणीचे फोड कपाळावर, पापणीवर, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर आले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

डोळ्याच्या आतील पडद्याच्या संसर्गात नेमका विषाणू ओळखणे आवश्यक ठरते, कारण औषध त्यानुसार बदलते. डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी १९७८ मध्ये चेन्नईत स्थापन केलेल्या शंकर नेत्रालयात या दिशेने महत्त्वाचे काम झाले. तेथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. एच. एन. माधवन आणि सहकाऱ्यांनी डोळ्यातील द्रवाच्या अगदी लहान नमुन्यातून हर्पिस कुळातील विषाणू पीसीआरद्वारे शोधण्याच्या पद्धती वापरात आणल्या.

मेंदूज्वर : अहवालाची वाट पाहू नये

ताप, डोकेदुखी, वागण्यातील अचानक बदल, असंबद्ध बोलणे आणि झटके ही हर्पिस सिम्प्लेक्समुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लक्षणे आहेत. आजार विरळ असला तरी उपचारांअभावी सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाची पीसीआर आणि मेंदूचे एमआरआय यांवरून निदान होते. संशय येताच, अहवाल हाती येण्यापूर्वीच, शिरेतून ॲसायक्लोव्हिर सुरू करतात. प्रौढांना ते शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० मिलिग्रॅम या प्रमाणात दर आठ तासांनी, १४ ते २१ दिवस दिले जाते. पहिल्या काही दिवसांत पीसीआर नकारात्मक येऊ शकते. लक्षणे जुळत असतील, तर चाचणी पुन्हा करावी लागते.

नागीण आणि एचआयव्ही

तरुण वयात नागीण होणे किंवा ती वारंवार होणे हा एचआयव्ही संसर्गाचा पहिला संकेत असू शकतो. अशा रुग्णांना एचआयव्ही चाचणीचा सल्ला दिला जातो. भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा चेन्नईतच मिळाला होता. मद्रास मेडिकल कॉलेजमधील प्राध्यापिका डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी १९८६ मध्ये गोळा केलेल्या रक्तनमुन्यांच्या वेल्लोर येथील तपासणीतून तो पुढे आला. चेन्नईतील मराठी गायतोंडे कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सोलोमन यांनी १९९३ मध्ये वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने एड्स संशोधन व शिक्षण केंद्र सुरू केले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

एड्सच्या रुग्णांमध्ये, विशेषतः सीडी-४ पेशींची संख्या ५० हून खाली गेल्यावर, सायटोमेगॅलो विषाणू डोळ्याच्या पडद्यावर हल्ला करतो. वेदना नसते, केवळ डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात किंवा दृष्टीचा एखादा भाग नाहीसा होतो. एड्समधील नेत्रविकारांच्या भारतातील पहिल्या दोन रुग्णांचा अहवाल शंकर नेत्रालयातील डॉ. ज्योतिर्मय विश्वास आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. सायटोमेगॅलोवर ॲसायक्लोव्हिर पुरेसे परिणामकारक नाही. तेथे गॅन्सिक्लोव्हिर किंवा व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर द्यावे लागते आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवावे लागते. केंद्र सरकारने १ एप्रिल २००४ रोजी मोफत एचआयव्ही-विरोधी औषधयोजना सुरू केली. चेन्नईजवळील तांबरम येथील सरकारी रुग्णालय तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. प्रतिकारशक्ती वेळीच सावरल्यास डोळ्याचा हा विकार टाळता येतो.

अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनाही याच विषाणूचा धोका असतो. त्यांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण ठरावीक काळाने मोजले जाते.

चाचण्यांचा अर्थ

रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्यांवरून अनेकदा गैरसमज होतात. हर्पिस सिम्प्लेक्सची आयजीजी चाचणी सकारात्मक आली, तर विषाणू कधीतरी शरीरात शिरला एवढेच कळते. आयजीएम चाचणी तर निदानासाठी भरवशाची मानली जात नाही. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या 'टॉर्च' चाचणीत हर्पिस किंवा सायटोमेगॅलोचे आयजीएम सकारात्मक आले, म्हणून गर्भपाताचे कारण सापडले असे होत नाही. केवळ त्या कागदावर विसंबून दिलेले औषध बहुधा अनावश्यक ठरते. नवजात बालकाला सायटोमेगॅलोची जन्मजात बाधा आहे का, हे मात्र जन्मानंतरच्या तीन आठवड्यांत लाळेची किंवा लघवीची पीसीआर केल्यास कळते. नंतर केलेल्या चाचणीवरून बाधा जन्मापूर्वीची की नंतरची, हे खात्रीने सांगता येत नाही.

एपस्टाइन-बार विषाणूमुळे घसा सुजतो, मानेतील गाठी वाढतात आणि आठवडे-आठवडे थकवा राहतो. त्यावर विशेष औषध नाही. विश्रांती पुरेशी असते. मात्र घसादुखी समजून ॲम्पिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन दिल्यास अंगभर पुरळ उठू शकते. प्लीहा सुजलेली असल्यास काही आठवडे धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत.

प्रतिबंध

कांजिण्यांची लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना मात्र तिच्या दोन मात्रांची शिफारस करते. नागिणीवरील, जिवंत विषाणू नसलेली लस २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे. ५० वर्षांवरील व्यक्तींना दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिच्या दोन मात्रा दिल्या जातात. तिची किंमत अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या मात्र तुलनेने स्वस्त असून देशात सर्वत्र मिळतात.

शरीराच्या एकाच बाजूला वेदनेसह फोड येणे, कपाळावर किंवा नाकावर फोड, लाल झालेला दुखरा डोळा, प्रौढ किंवा गर्भवतीला झालेल्या कांजिण्या आणि तापासोबत बदललेले वागणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा.