कलाइतिहासाची पुस्तकं शोधायची तर नकाशा जुना घ्या

अजिंठा आज महाराष्ट्रात आहे. पण अजिंठ्याच्या चित्रांवरचा मोठा ग्रंथ, गुलाम याझदानी यांचा चार भागांचा 'अजंता', १९३० ते १९५५ या काळात निघाला तो निजाम सरकारच्या आश्रयानं. लेणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. १९२० च्या सुमारास चित्रांचे सुटलेले पापुद्रे पक्के करायला इटलीहून तज्ज्ञ बोलावले तेही निजामानं, आणि त्या काळातले वार्षिक अहवाल निघाले ते हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याच्या नावानं. अजिंठ्यावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी 'महाराष्ट्र' असं लिहून शोधत बसला, तर हा सगळा साठा त्याच्या समोर येतच नाही.

आपल्या भागात चित्रकला, शिल्पकला किंवा कलाइतिहास शिकणाऱ्या मुलांना एकच सल्ला मिळतो : मुंबईला जा, जे.जे.त बघ. १८५७ साली सुरू झालेल्या संस्थेचं महत्त्व कोण नाकारेल? पण बेळगाव, मडगाव, इंदूर, बडोदा किंवा हैदराबादेत राहणाऱ्याला हे दर वेळी परवडत नाही, आणि पुष्कळदा गरजही नसते. आपल्या कलेचे कागद संस्थानांच्या, इलाख्याच्या आणि पोर्तुगीज राजवटीच्या हद्दींप्रमाणे विखुरले आहेत. तुम्ही राहता त्याच गावात त्यातला एखादा तुकडा असण्याची शक्यता बरीच आहे.

आधी जवळचं वाचनालय

बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत ड्युई पद्धतीचे आकडे असतात. कला ७०० मध्ये. भारतीय कलेचा इतिहास ७०९.५४, मंदिरं आणि इतर धार्मिक वास्तू ७२६, भारतीय शिल्प ७३०.९५४, भारतीय चित्रकला ७५९.९५४, कापड आणि विणकाम ७४६. रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धत असेल, तर कलेचं अक्षर 'एन'.

पण फक्त ७०० च्या कपाटापाशी थांबू नका. मंदिरशिल्पावरची पुस्तकं प्राचीन भारताच्या इतिहासात (९३४) किंवा हिंदू धर्मात (२९४.५) जाऊन बसलेली असतात. मूर्तिशास्त्राचा आकडा आहे ७०४.९४८, आणि तो फार थोड्यांना आठवतो. चित्रकारांची आत्मचरित्रं तर हमखास 'चरित्र' विभागात सापडतात, नटांच्या आणि पुढाऱ्यांच्या शेजारी. शिवाय मोठ्या आकाराची चित्रांची पुस्तकं नेहमीच्या फळीवर मावत नाहीत म्हणून संदर्भ विभागात किंवा कुलूपबंद कपाटात ठेवतात. ती घरी मिळत नाहीत, तिथंच बसून बघायची. ग्रंथपालांना नाव सांगून मागितल्याशिवाय ती आहेत हेसुद्धा कळत नाही.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय तर १८३२ पासूनचं. इतक्या जुन्या संस्थांत संगणकावरची यादी आणि प्रत्यक्ष कपाट यांत फरक असू शकतो. जुनी कार्डं किंवा नोंदवही असेल तर तीही चाळा.

जुनं राज्य, जुनं खातं

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. म्हणून इथल्या मंदिरांचं पहिलं पद्धतशीर सर्वेक्षण पश्चिम भारताच्या पुरातत्त्व खात्याकडे सापडतं. जेम्स बर्जेस यांचा १८७४ चा अहवाल 'बेळगाव आणि कलादगी' जिल्ह्यांचा आहे. कलादगी म्हणजे आजचा विजापूर-बागलकोट भाग. बदामी, ऐहोळे, पट्टदकल त्यातच. हेन्री कझन्स यांचे विजापूरच्या वास्तूंवरचा (१९१६) आणि 'कानडी जिल्ह्यां'तल्या चालुक्य वास्तूंवरचा (१९२६) हे ग्रंथही याच परंपरेतले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव खंड १८८४ चा आहे, आणि इलाख्याची ही जुनी गॅझेटिअर्स महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटिअर विभागानं इंटरनेटवर ठेवली आहेत. म्हणजे बेळगावचा १८८४ चा इतिहास कर्नाटकच्या नव्हे, महाराष्ट्राच्या संकेतस्थळावर! सीमाभागात हे कुणाला नवल वाटायचं नाही.

ग्वाल्हेरचं बघा. धार जिल्ह्यातली बाघची लेणी शिंदे सरकारच्या हद्दीत होती. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे हे मराठी गृहस्थ. १९२१ मध्ये नंदलाल बोस आणि इतर चित्रकारांनी बाघच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि १९२७ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीनं ग्रंथ काढला त्यात गर्द्यांचंही लेखन आहे. मूळ चित्रं आता बरीच पुसट झाली आहेत, त्यामुळे या ग्रंथाला आज पुराव्याची किंमत आहे.

बडोद्याचं माप सगळ्यांत मोठं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली. राजा रविवर्म्याकडून त्यांनी चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली, १८९४ मध्ये संग्रहालय उघडलं. आणि 'गायकवाड्स ओरिएंटल सिरीज' ही संस्कृत ग्रंथमाला सुरू केली ती कलेच्या विद्यार्थ्यानं विसरू नये अशी. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात कल्याणीला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, 'मानसोल्लास' रचला. चित्र कसं काढावं, भिंत कशी तयार करावी, वज्रलेप आणि रंग कसे करावेत याचं त्यात सविस्तर प्रकरण आहे. हा ग्रंथ बडोद्यात श्रीगोंदेकरांनी संपादित करून छापला. पहिला खंड १९२५ चा, दुसरा १९३९ चा. कर्नाटकातला राजा, गुजरातेतला छापखाना, मराठी संपादक. अशा ग्रंथाला कुठल्या राज्याच्या कपाटात शोधणार?

माणसांचंही तसंच. ना. श्री. बेंद्रे १९१० मध्ये इंदूरला जन्मले, द. दा. देवळालीकरांच्या चित्रकला वर्गात शिकले, पदविका मुंबईची घेतली, आणि १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा सुरू झाल्यावर बडोद्यात चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. बेंद्र्यांचा अभ्यास करणाऱ्याला तिन्ही शहरांत चौकशी करावी लागते. बडोद्यापुरतं काम मात्र घरबसल्या होतं. हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्हनं के. जी. सुब्रमण्यन, गुलाम मोहम्मद शेख, ज्योती भट्ट आणि रतन परिमू यांचे कागद, छायाचित्रं, कात्रणं स्कॅन करून इंटरनेटवर खुली केली आहेत. याच संस्थेनं दक्षिण आशियातल्या आधुनिक कलेवरच्या लेखनाची तेरा भाषांतली सूची केली आहे. त्यात मराठी, कन्नड, गुजराती, तेलुगू आहेत. आपल्या वाचकांपैकी कित्येकांना यांतल्या दोन भाषा तरी येतात. ही सोय मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला सहसा नसते, तिचा उपयोग करा.

गोव्यात आणखी एक पदर, पोर्तुगीजचा. आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०-१९३५) जे.जे.त शिकले आणि तिथंच शिकवलं, पण त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंतमध्ये आहे. आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात. चर्चमधल्या कलेवर काम असेल, तर थोडं पोर्तुगीज वाचता येणारा मित्र गाठा.

एका नावाची पाच स्पेलिंगं

शोध फसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. बर्जेसच्या काळात बेळगावचं रोमन स्पेलिंग आजच्यासारखं नव्हतं, पुढे 'बेलगाम' झालं, आता 'बेळगावी' आहे. तिन्ही टाकून बघा. अजिंठा-अजंठा-अजंता, वेरूळ-एलोरा-एलुरा, देवळालीकर-देवलालीकर, रविवर्मा एकत्र आणि रवि वर्मा सुटं. मराठी पुस्तकाची नोंद काही यादींत देवनागरीत, काहींत रोमनमध्ये, तर काहींत अक्षरांवर टिंबं-रेघा देऊन केलेली असते. पुस्तकाच्या नावानं नाही मिळालं तर लेखकाच्या आडनावानं शोधा, आणि तेही नाही तर मालेच्या नावानं. पुरातत्त्व खात्याचे ग्रंथ मालेच्या क्रमांकावरून चटकन सापडतात.

मराठीत सुरुवात कुठून

पहिलं पुस्तक कोणतं असं विचारलं, तर सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला 'शिल्पकार चरित्रकोश'चा दृश्यकला खंड. चित्रकार-शिल्पकारांच्या नोंदी एके ठिकाणी मिळतात, आणि एका नोंदीतून गुरू-शिष्य, गाव, संस्था असे पुढचे धागे हाती लागतात. मराठी विश्वकोशाचे वीस खंड इंटरनेटवर मोफत आहेत. शैली, तंत्र, परिभाषा यांच्यासाठी तो बरा, ताज्या माहितीसाठी नाही. म. वि. धुरंधरांचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे जे.जे.च्या आतल्या कारभाराचं प्रत्यक्षदर्शी वर्णन आहे. बाबुराव सडवेलकरांचं लेखन आवर्जून वाचावं. बेळगावकरांनी रवी परांजप्यांचं 'ब्रश मायलेज' चुकवू नये, कारण त्यांचे गुरू के. बी. कुलकर्णी बेळगावचे, आणि इथल्या कलाशिक्षणावर इतकं जवळून लिहिलेलं फारसं काही नाही.

पुस्तक जवळपास कुठंच नसेल, तर १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला प्रती द्याव्या लागतात ती ग्रंथालयं तपासा : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. बेळगावात छापलेलं मराठी पुस्तक बेळगावात न मिळता कोलकात्यात मिळू शकतं. तुमचं कॉलेज 'डेलनेट'चं सदस्य असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातलं पुस्तक मागवता येतं. ग्रंथपालांना विचारा, कारण ही सोय विद्यार्थ्यांना कुणी आपणहून सांगत नाही.

मोफत आणि रीतसर

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त होतं. धुरंधर १९४४ मध्ये वारले, म्हणजे त्यांचं लेखन केव्हाच खुलं झालं. बर्जेस, कझन्स यांचे ग्रंथ इंटरनेट अर्काइव्हवर उतरवून घेता येतात. 'इंडियन कल्चर' हे सरकारी पोर्टल, नॅशनल डिजिटल लायब्ररी, आणि प्रबंधांसाठी 'शोधगंगा' हे तीन ठिकाणं ठरलेली. शोधगंगेवरचा प्रबंध वाचताना आधी मागची ग्रंथसूची उघडा. पुष्कळदा प्रबंधापेक्षा तीच जास्त कामाची असते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातल्या वस्तू 'म्युझियम्स ऑफ इंडिया' पोर्टलवर बघता येतात.

स्कॅन केलेल्या पुस्तकांतल्या चित्रांवर मात्र विसंबू नका. अनेक जुन्या प्रतींचं स्कॅनिंग काळ्या-पांढऱ्यात झालंय, रंगीत पानं कुणीतरी आधीच कापून नेलेली असतात, आणि घडी घातलेले नकाशे न उलगडताच पान पुढं सरकलेलं दिसतं. मजकूर स्क्रीनवर वाचा, चित्रं आणि आराखडे छापील प्रतीत पडताळा. रंगाबद्दल एखादं विधान करायचं असेल तर मूळ चित्रासमोर उभं राहण्याला पर्याय नाही.

राहिले दिवाळी अंक. दीनानाथ दलालांसारख्या मूळच्या गोव्याच्या चित्रकाराचं काम मुखपृष्ठांवर आणि कथाचित्रांत आहे. त्यांच्या 'दीपावली'चे जुने अंक म्हणजे छापील चित्रकलेचा दस्तऐवजच. कलेविषयीच्या लेखांसाठी सतीश नाईक यांच्या 'चिन्ह'चे अंकही शोधावेत. पण जागा नाही म्हणून अंक रद्दीत जातात ते याच गठ्ठ्यांतून, आणि यादीत त्यांची नोंद बहुधा नुसती 'दिवाळी अंक' एवढीच असते. गावातल्या वाचनालयात असे गठ्ठे असतील, तर समितीच्या परवानगीनं एक दिवस बसा. प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि चित्रकाराच्या नावाची ओळ, असे तीन फोटो मोबाईलवर काढा, फाईलला अंकाचं नाव आणि साल द्या, आणि एक प्रत वाचनालयाच्या संगणकावर ठेवून या.